परदेशात जीव घाबरा झाला तर...

आमचा माण तालुका कायमचा दुष्काळी. त्यामुळे पोटासाठी गाव सोडणं आमच्याकडं नवीन नाही. कुणी मुंबई गाठली, कुणी सोन्या-चांदीच्या गलाईसाठी पार दक्षिणेत गेलं. आता आमची पिढी एम.एस.साठी जर्मनी-अमेरिकेला निघालीय. बॅगेत कुकर, चटणी, भाजणी सगळं असतं. मनाच्या औषधाबद्दल मात्र कुणी बोलत नाही!

कॉन्व्हेंटमध्ये मी 'अँक्झायटी'चं स्पेलिंग शिकले. अर्थ दहिवडीच्या आजीकडून कळला, 'जीव घाबरा होणं'. नवा देश, नवी भाषा, डोक्यावर लोन. छाती धडधडते, झोप उडते. सुरुवातीचे काही दिवस असं होणं नॉर्मल आहे. पण आठवडे गेले तरी थांबेना, लेक्चरला जावंसं वाटेना, तर डॉक्टर गाठायलाच हवा.

माझा मावसभाऊ जर्मनीत शिकतो. इथं सुरू झालेली त्याची गोळी तिकडं दोन महिन्यांत संपली. औषधाच्या दुकानात त्यानं रिकामी स्ट्रिप दाखवली. बाई म्हणाल्या, हे नाव आमच्याकडे नाही आणि चिठ्ठीशिवाय मिळणारही नाही. मावशी लगेच कुरियर करायला निघाली, पण युरोपीय संघाबाहेरून तिथं पोस्टानं औषध मागवायला सहसा बंदी आहे. शेवटी फॅमिली डॉक्टरला औषधाचं जेनेरिक नाव सांगितलं, तेव्हा काम झालं. मधले पाच दिवस मावशीला इथं झोप नव्हती.

आता थोडं टेक्निकल. या गोळ्या ढोबळमानानं दोन प्रकारच्या. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण त्या लांब पल्ल्याच्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम मेंदूतल्या 'गाबा' या ब्रेकचा जोर वाढवतात, म्हणून लवकर शांत वाटतं. पण त्यांची सवय लागते. रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. दोन्ही प्रकार डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायचे. आपल्याकडं २०१४ पासून अल्प्राझोलाम 'शेड्यूल एच-१'मध्ये आहे. केमिस्टला रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते.

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. आपल्याकडं सर्रास लिहून दिली जाणारी एटिझोलाम घ्या. अमेरिकेत तिला औषध म्हणून मान्यता नाही. जुलै २०२३ मध्ये तर तिला हेरॉइनच्या यादीत टाकलं. दुबईला जाताना अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांसाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते.

म्हणून निघण्यापूर्वी एवढं कराच :

१. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या. त्यात आजार, जेनेरिक नाव आणि डोस हवा.

२. त्या देशाच्या वकिलातीची औषधांची माहिती वाचा. गोळी चालत नसेल तर डॉक्टर वेळेत बदलून देतील.

३. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच, हँडबॅगेत ठेवा.

४. पोचल्यावर गोळ्या शिल्लक असतानाच डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या. ती मिळायला वेळ लागतो.

५. युनिव्हर्सिटीचा काउन्सेलर शोधा. बऱ्याच ठिकाणी ही सेवा फुकट असते, आणि बोलणं हाही उपचारच आहे.

६. रूममेटची गोळी घेऊ नका, स्वतःची देऊ नका. दारूबरोबर तर मुळीच नको!

आणि ज्यांना इथंच हॉस्टेलवर जीव घाबरा होतो, त्यांच्यासाठी 'टेली-मानस' ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फोन फुकट आणि मराठीतही बोलता येतं. बीपीची गोळी आपण चारचौघांत घेतो ना? मग हीच लपवून कशाला?