बाटलीवरची बारीक अक्षरे

अमेरिकेत व्हर्जिनियात मुलाकडे सहा महिने राहून परतलेल्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. तिकडे त्यांना मध्यरात्री अंगावर गांधी उठत, ओठ सुजत, पोटात कळा येत. तेथील डॉक्टरांनी रक्ततपासणीवरून ‘अल्फा-गॅल’ ॲलर्जीचे निदान केले आणि मटण बंद केले. तरीही एका रात्री तोच त्रास झाला. जेवणात केवळ भात आणि उकडलेल्या भाज्या होत्या. मात्र त्यांवर तयार पाकिटातली ग्रेव्ही घातली होती. सुनेने टाकून दिलेले पाकीट शोधून वाचले. घटकांत ‘बीफ फॅट’ होते.

अल्फा-गॅल ही एक शर्करा आहे. गाय, बकरी, मेंढी, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांत ती असते. माणसात, कोंबडीत व माशांत नसते. अमेरिकेच्या आग्नेय व मध्य भागांत विशेष आढळणारी ‘लोन स्टार’ गोचीड चावल्यावर काहींच्या शरीरात या शर्करेविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. २०१० पासून तेथील सुमारे ४,५०,००० लोकांना ही बाधा झाली असावी, असा अंदाज अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये मांडला. त्रास बहुधा खाल्ल्यानंतर २ ते ६ तासांनी होतो. त्यामुळे दोषी पदार्थ सहसा ध्यानात येत नाही.

अमेरिकी कायद्याने दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, तीळ इत्यादी ९ ॲलर्जीकारक घटकांची स्पष्ट नोंद सक्तीची आहे. सस्तन प्राण्यांचे मांस त्या यादीत नाही. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यासारखी सक्तीची खूणही तेथे नाही. म्हणून घटकांची संपूर्ण यादी वाचणे, हाच मार्ग उरतो.

लार्ड म्हणजे डुकराची चरबी, टॅलो म्हणजे गुरांची वा मेंढ्यांची चरबी. हे शब्द, तसेच बीफ किंवा पोर्क एक्स्ट्रॅक्ट, बोन ब्रॉथ वा जिलेटिन दिसल्यास ती वस्तू घेऊ नये. सूपच्या वड्या व ग्रेव्हीची पाकिटे विशेष बारकाईने तपासावीत. ‘नॅचरल फ्लेवर’ हा शब्द फसवा आहे. तो स्वाद वनस्पतीचा असेल किंवा मांसाचाही. उत्पादकाला विचारून खात्री होईपर्यंत तो पदार्थ टाळावा. रँच ड्रेसिंग वा चीज सॉसमध्ये दूध असते. ते सर्वच रुग्णांना बाधत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारावे. मेयोनेजमधील अंडे किंवा वूस्टरशर सॉसमधील मासे यांमुळे ही ॲलर्जी उद्भवत नाही. मात्र उरलेले घटक पाहावेतच. कृती बदलू शकते, म्हणून नेहमीची बाटलीही प्रत्येक खरेदीच्या वेळी पुन्हा वाचावी.

औषधांच्या अनेक कॅप्सूलची आवरणे जिलेटिनची असतात. डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला ॲलर्जीची कल्पना द्यावी. औषध मात्र परस्पर बंद करू नये. श्वास कोंडणे, घसा आवळणे, भोवळ येणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांनी दिलेले एपिनेफ्रिनचे इंजेक्शन द्यावे आणि अमेरिकेत ९११, भारतात ११२ या क्रमांकावर तत्काळ मदत मागावी.

ही अक्षरे इतकी बारीक असतात की सत्तरीतल्या डोळ्यांना ती चष्म्यानेही लागत नाहीत. घरातल्या तरुणांनी ती मोठ्याने वाचून दाखवावीत. आजींच्या घरी आता सूनबाई वाचते, आजी ऐकतात; मगच बाटली फडताळात जाते.