वाघ आला, तर आधी गर्दी आवरा

पांढरकवडा, राळेगाव परिसरातील घरांना २०१८ साल विसरता येत नाही. टी-१, म्हणजेच ‘अवनी’ वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. शेतात एकट्याने जायला कोणी धजत नव्हते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी शिवारात तिला गोळी घालण्यात आली. कुणी सुटकेचा निःश्वास सोडला, कुणी निषेध केला.

प्रश्न मात्र तिथे संपला नाही. आपले टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. तिथले तरुण वाघ नवी जागा शोधत बाहेर पडतात. २०१९ मध्ये असाच एक वाघ शेते, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. तेव्हा वाघ आपला शेजारी आहे, हे धरूनच चालायला हवे.

अशा वेळी गावाच्या उपयोगी पडतात ते गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक. विदर्भात जंगलालगतच्या अनेक गावांत तरुणांची ‘प्राथमिक प्रतिसाद दले’ आहेत. वाघ पकडणे हे त्यांचे काम नव्हे. पाऊलखुणा ओळखणे, वनखात्याला तातडीने कळवणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गर्दी मागे हटवणे, हे त्यांचे काम. मोबाइल घेऊन शेकडो लोक धावले की जनावर बिथरते आणि निसटायला वाट न मिळाल्यास हल्ला करते. परका अधिकारी ओरडला तर लोक चिडतात. शेजारचा मुलगा म्हणाला, “चाचा, मागे व्हा,” तर ऐकतात.

आम्ही शिक्षक वर्गात अन्नसाखळी शिकवतो, ‘वाघ वाचवा’वर निबंध लिहून घेतो. पण मोहफुले किंवा तेंदूपत्ता वेचताना वाकलेला माणूस वाघाला सावजासारखा दिसू शकतो, हे आम्ही मुलांना कितीदा सांगितले? ही आमची उणीव आहे.

म्हणून या गोष्टी घरातही बोलल्या जाव्यात. रानात एकटे जाऊ नये, आपसात बोलत जावे. मगरिबनंतर शिवारात थांबू नये. गुरू-वासरू मारले गेले तर पंचनाम्याआधी ते हलवू नये. ४८ तासांत वनखात्याला कळवावे, म्हणजे भरपाईचा हक्क राहतो. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ घरातल्या बायका-मुलांनाही पाठ असावा.

आणि गावात असे दल उभे राहत असेल, तर आपल्या मोहल्ल्यातली मुलेही त्यात असावीत. गाव सगळ्यांचे आहे, मग पहाराही सगळ्यांचाच.