परवडत नाही

एप्रिलची दुपार. कोपरखैरण्यातल्या एका इंग्रजी शाळेत सातवीचा वर्ग. बाकं भिंतीकडे सरकवलीत आणि मधे बुटांची रिकामी खोकी रचलीत. प्रत्येकावर मार्करनं लिहिलंय, ‘हापूस, ५ डझन’. खरा फळबाजार इथून एका स्टेशनावर, तुर्भ्याला. आज तो वर्गात भरलाय.

टीचर चिठ्ठ्या वाटतात. बागायतदाराला कळतं, पेटीमागे खर्च १६०० रुपये. खरेदीदाराला कळतं, २००० च्या वर जायचं नाही. आडत्याला सौदा जमवायचाय, तरच त्याची आडत सुटणार. एकमेकांच्या चिठ्ठ्या बघायच्या नाहीत. संवाद लिहून दिलेले नाहीत. वेळ २० मिनिटं, भाषा फक्त मराठी.

खिडकीपाशी एक बागायतदार गप्प उभा आहे. घरी तमिळ, मित्रांत हिंदी. राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली आला. हा मुलगा पहिलीपासून मराठी लिहितोय, बोलत मात्र नाही.

“चौदाशे,” खरेदीदार म्हणते. तो मान हलवतो. ती पुढच्या पेटीकडे वळते.

तो घाईनं टीचरकडे बघतो. त्या शब्द सांगत नाहीत, नुसतं कानाला बोट लावतात. शेजारच्या गाळ्यावर एक मुलगी आडत्याला सुनावतेय, “एवढ्यात परवडत नाही!”

त्याचे ओठ दोनदा हलतात. मग तो धावतो. “ताई, थांबा! परवडत नाही. खर्चच सोळाशे...” आणि जीभ चावतो. गुपित फुटलं! आडत्या मधे पडतो, “अहो, माल तरी बघा!” घासाघीस रंगते. सौदा १७५० ला पटतो.

केन जोन्स यांनी भाषाशिक्षणातल्या अशा उपक्रमांवर १९८२ साली अख्खं पुस्तक लिहिलं. हे नाटुकलं नव्हे, हा त्यांचा आग्रह मला इथं डोळ्यांनी दिसतोय. नाटुकल्यात वाक्य आधी मिळतं. इथं आधी गरज लागते, मग मूल वाक्य शोधत जातं. आंबे खोटे आहेत, पण त्या मुलाची तगमग खरी आहे.

आता सगळे फळ्यापाशी जमतात. कोण कुठं अडलं, ते सांगतात. डागी, हमाली, उधारी असे शब्द फळ्यावर चढतात.

“उद्या भाजीबाजार,” टीचर म्हणतात, “पण १० च मिनिटं.”

खिडकीपासून आवाज येतो, “टीचर, दहा मिनिटं परवडत नाही.”

टीचर १० पुसतात आणि २० लिहितात.