श्रावण नेमका कधी लागतो? अर्थात, कंपनीचा कार्यक्रम कसा आखावा

‘इव्हेंट मॅनेजमेंट’ म्हटलं की काळा शर्ट आणि हातात वॉकी-टॉकी असं चित्र डोळ्यांसमोर येतं ना? माझ्याही यायचं. जुलै २०२५मध्ये एका छोट्या इव्हेंट कंपनीची मदतनीस म्हणून मी चार दिवस उज्जैनला गेले. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या दीडशे डीलरांचा मेळावा होता. वॉकी-टॉकी काही हाती आला नाही. जे शिकले, ते आपल्या मंडळालाही उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

सुरुवात करायची ती एका प्रश्नापासून: हा कार्यक्रम कशासाठी? उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. दोन वाक्यं लागली तर समजा, अजून ठरलेलं नाही. उज्जैनचंच मोठं उदाहरण घ्या. जानेवारी २०२३मध्ये मध्य प्रदेश सरकारची गुंतवणूकदार परिषद इंदूरला झाली. तिथे विमानतळ, मोठी हॉटेलं, सगळं हाताशी. पण १ आणि २ मार्च २०२४ला सरकारने प्रादेशिक उद्योग परिषद भरवली ती उज्जैनला. उद्देशच वेगळा होता: उद्योगांनी मोठ्या शहराबाहेरचे जिल्हेही पाहावेत. उज्जैनजवळ विक्रम उद्योगपुरी ही औद्योगिक वसाहत आहे. जागा विकायची तर माणूस जागेपर्यंत न्यायला हवा. पुढे जबलपूर, ग्वाल्हेर, सागर, रीवा अशा परिषदा झाल्या आणि फेब्रुवारी २०२५मध्ये भोपाळला मोठी परिषद भरली. म्हणजे आधी उद्देश, मग जागा. आपण बहुधा उलट करतो. हॉल मिळाला की विषय शोधतो!

आमच्या मेळाव्याचा उद्देश साधा होता: जुन्या डीलरांचा मान राखायचा. त्यातला मोठा मान होता बुऱ्हाणपूरहून आलेल्या एका आजोबांचा. तीस वर्षं ते त्या कंपनीचे पंप विकत होते. संध्याकाळी सहाला त्यांचा सत्कार. आजी नवी साडी नेसून सोबत आलेल्या.

आता तारीख. तारीख तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरी भिंतीवर पॅरिशचं कॅलेंडर असतं, त्यात उपवासकाळ सापडतो, श्रावण नाही. म्हणून शेजारच्या काकूंकडचं कॅलेंडर पाहून आले. श्रावण २५ जुलैला सुरू. मेळावा सोमवारी, २१ जुलैला. ‘श्रावणाच्या आधीच उरकतंय, गर्दी नसेल,’ असं मी अगदी आत्मविश्वासाने लिहून दिलं. वर डीलरांना दुपारी तीनला महाकालाच्या दर्शनाला न्यायचं, साडेपाचला परत, असा बेतही ठरला.

सोमवारी सकाळी पोहे-जिलेबी वाढता वाढता केटरर काकांनी विचारलं, “बेटा, आज सवारी आहे, गाड्या कुठून काढणार?” काका उज्जैनच्याच मराठी घरातले. मी म्हटलं, “पण काका, श्रावण तर शुक्रवारी लागतो.” ते हसले. “तुमच्याकडं! इथं लागून दहा दिवस झाले.”

भानगड अशी. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे तिथला श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो. श्रावणातल्या दर सोमवारी दुपारी चारला महाकालाची पालखी निघते, रामघाटावर जाते आणि बायजाबाई शिंदे यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिरावरून परत येते. गंमत म्हणजे उज्जैन ही शिंद्यांची जुनी राजधानी, म्हणून मराठी पंचांगही तिथे पाळलं जातं. उत्तरेचा श्रावण संपून भाद्रपद लागतो, तरी आपला श्रावण चालू असतो, तोवर सवारी निघत राहते. म्हणजे दोन्ही कॅलेंडरं खरी. मी एकच पाहिलं होतं.

व्हायचं तेच झालं. रस्ते बंद, आमच्या तीन बस लांब अडकलेल्या, डीलर गर्दीत पांगलेले. सहाला निवेदिकेने आजोबांचं नाव पुकारलं तेव्हा ते गोपाळ मंदिराजवळ उभे होते. हॉलमध्ये चाळीसेक माणसं. पाहुण्यांना रात्रीची गाडी होती, थांबता येईना. सत्कार नावापुरता झाला.

तारखेची ही चूक मोठ्यांच्या कार्यक्रमातही डोकावते. २४ फेब्रुवारी २०२५ला भोपाळच्या परिषदेला पंतप्रधान काही मिनिटं उशिरा पोहोचले. त्या दिवशी दहावी-बारावीची परीक्षा होती. सुरक्षेसाठी रस्ते बंद झाले असते तर मुलं अडकली असती, म्हणून ते उशिरा निघाले आणि व्यासपीठावरून तसं सांगून क्षमाही मागितली. आपला कार्यक्रम गावातला एकमेव कार्यक्रम नसतो, हे ध्यानात ठेवायचं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. वेळापत्रक मिनिटांनिशी कागदावर हवं आणि प्रत्येक ओळीपुढे एकाच माणसाचं नाव. ‘सगळे बघतील’ म्हणजे कोणीच बघत नाही. दर दोन तासांत पंधरा मिनिटं मोकळी सोडा, उशीर तिथे जिरतो. माइक आदल्या रात्री तपासा, आणि सकाळी पुन्हा. स्थानिक नियम विचारून घ्या: १ एप्रिल २०२५पासून उज्जैन शहरात दारूबंदी आहे, तेव्हा पार्टीचा बेत आधीच बदलावा लागतो. जेवणाचाही विचार वेळापत्रकात हवा. तूप ओतलेल्या दाल-बाफल्यानंतर आम्ही तासाभराचं पॉवरपॉइंट ठेवलं होतं. पहिली रांगसुद्धा डुलत होती! आणि सगळ्यांत महत्त्वाचं: गावातल्या एका माणसाला पूर्ण बेत आधी वाचून दाखवा. केटरर काकांना मी आठवडाभर आधी फोन केला होता, तो फक्त ताटं किती ते सांगायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे मॅनेजर आणि मी ट्रॉफी घेऊन आजोबांच्या लॉजवर गेलो. मी चूक कबूल केली. त्यांनी चहा मागवला, म्हणाले, “सवारी डोळे भरून पाहिली, पोरी. मनाला लावून घेऊ नकोस.” आजींनी ट्रॉफी पदराने पुसून पिशवीत ठेवली. आजोबांनी मला खरंच माफ केलं असावं. पण तीस वर्षांच्या टाळ्या लॉजच्या खोलीत काही वाजत नाहीत.

आता आपल्या मंडळाचा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन येईल. मी कामांच्या यादीत पहिली ओळ लिहून ठेवलीय: बारावीचं वेळापत्रक, पॅरिशचं कॅलेंडर आणि काकूंचं कॅलेंडर, तिन्ही पाहणे. तिच्यापुढे नाव माझंच आहे.