जाळी, उरेप आणि टाका

बॅलेच्या पोशाखांवर मराठीत जे थोडंफार लिहिलं गेलं, त्यात दोन नावं हमखास येतात: पाव्लोव्हा आणि बाक्स्त. एक नर्तकी, एक चित्रकार. ज्यांनी कापड हातात घेऊन पोशाख उभा केला, त्या शिवणाऱ्यांची आपल्या समीक्षकांनी कधी विचारपूस केली नाही. नाटकांचे कपडे करण्यात माझं आयुष्य गेलं. टुटू, म्हणजे बॅलेनर्तकीचा जाळीचा घेर, घडला तो शिवणघरात, हे मी पूर्वीपासून सांगत आले आहे आणि याही आढाव्यात तेच सांगणार आहे.

चौदावा लुई १६५३ साली सूर्य होऊन नाचला, १६८१ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी पहिल्यांदा रंगमंचावर आल्या, हे वाचकांना ठाऊक आहेच. मुखवटे, टोप आणि जड दरबारी घेर यांचा काळ मी ओलांडते. थांबायचं ते मारी कामार्गोपाशी. उडीत पायांची होणारी झटपट अदलाबदल दिसावी म्हणून तिने घेर घोट्याच्या वर घेतला. तिची प्रतिस्पर्धी मारी साले १७३४ मध्ये लंडनला साध्या मलमलीत, मोकळ्या केसांनी नाचली. एकीने लांबी कमी केली, दुसरीने वजन.

काही अभ्यासक ठासून सांगतात की घेर आखूड झाला तो पुरुषांच्या नजरेसाठी. पॅरिसच्या ऑपेरातले धनिक वर्गणीदार पडद्यामागे जात, गरीब घरच्या मुलींचं शोषण होई, हे खरं आहे आणि संतापजनक आहे. पण तेवढ्यावरून कामार्गोचा निर्णय तिच्याकडून काढून घेणं मला मान्य नाही. पाय कसे चालतात हे दाखवायची निकड नाचणारीलाच होती.

१८३२ च्या ‘ला सिल्फीद’मध्ये मारी ताल्योनीने घातलेला तलम पांढरा घेर पुढे बॅलेचा गणवेशच झाला. गॅसच्या दिव्यांत ते पांढरेपण खुलायचं, आणि त्याच दिव्यांनी मुली जाळल्या. ताल्योनीची शिष्या एमा लिव्री १८६२ मध्ये तालमीत पेटली आणि आठ महिन्यांनी, अवघ्या विसाव्या वर्षी गेली. कापड पेटू नये म्हणून त्यावर करायची प्रक्रिया तेव्हा उपलब्ध होती. पण त्या प्रक्रियेने कापड ताठ आणि मळकट होई, म्हणून एमाने नकार दिला होता. कापडाची पडण कलावंताला किती प्रिय असते, हे ज्यांना कळत नाही त्यांनी पोशाखांवर लिहू नये.

मग इटालियन नर्तकी रशियात आल्या. व्हिर्जिनिया झुकीने १८८५ मध्ये घेर आणखी आखूड केला. पिएरिना लेन्यानीने १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. लांब घेर अशा वेळी पायांचं काम झाकतो. कमरेपासून आडवा पसरणारा टुटू या तंत्राबरोबर वाढला.

बाक्स्तच्या ‘शेहेराझाद’चे (१९१०) रंग अद्भुत होते, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पाव्लोव्हा १९२० च्या दशकात दोनदा भारतात आली. तिच्या प्रोत्साहनाने मॅडम मेनका आपल्या नृत्याकडे वळल्या आणि पुढे त्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. या शाळेवर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

आता माझी शिवणारी, बार्बरा कारिन्स्का. जन्म खार्किवचा, १८८६ चा. भरतकाम लहानपणीच शिकलेली. १९२४ मध्ये रशिया सोडली, पॅरिस आणि लंडन करत अमेरिकेत पोचली. ‘जोन ऑफ आर्क’ चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळालं, पण तिचं खरं काम नृत्यरचनाकार जॉर्ज बालांशिनच्या बॅलेंत आहे. त्याच्या ‘सिम्फनी इन सी’च्या अखेरीस पन्नासच्या आसपास नर्तक एकाच वेळी रंगमंचावर असतात. ताठ टुटूच्या थरांत तारेचं कडं असतं. दोन कडी एकमेकांना लागली की दोन्ही घेर डुचमळतात, रांग विस्कटते. १९५० मध्ये कारिन्स्काने तारच काढून टाकली. जाळीचे थर कमी केले, ते आखूड ठेवून सैल टाक्यांनी एकमेकांत गुंतवले, म्हणजे घेर आपल्याच आधारावर फुलून राहतो. चोळीत बगलेचे तुकडे तिने उरेप, म्हणजे तिरके, कापले. उभ्या-आडव्या धाग्यावरचं कापड श्वासाला अडवतं, उरेप कापड बरगडीबरोबर फुलतं. मी न्यूयॉर्कला वरच्या सज्जातून हा बॅले पाहिला तेव्हा इतक्या जणींच्या गर्दीतही एक घेर दचकला नाही. आपल्या यशाचा अर्धा वाटा बालांशिन तिला देत असे. १९७७ च्या ‘व्हिएन्ना वॉल्ट्झेस’पर्यंत तिने त्याच्यासाठी काम केलं. दोघंही १९८३ मध्येच गेली.

आज काय दिसतं? मुंबई-पुण्यात बॅलेचे वर्ग वाढले, याचा मला आनंद आहे. पण वार्षिक कार्यक्रमांत मुलींच्या अंगावर ताणता येणाऱ्या तयार कापडाला जाळी चिकटवलेली असते, चमक्या गोंदाने लावलेल्या, पाठीला चेन. चेन भर नाचात उसवली तर मुलगी उघडी पडते. हुकांचा एखादा हुक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. शिवाय हुकांच्या दोन-तीन ओळी घातल्या की तोच पोशाख पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीला बसतो.

वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. जाळी मंगलदास मार्केटमध्ये मिळते आणि नाटकांचे कपडे शिवणारे कारागीर आपल्याकडे अजून आहेत. पुढच्या कार्यक्रमासाठी निदान एक टुटू त्यांच्याकडून हाताने शिवून घ्या, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव छापा.