मैफलीचे ध्वनिमुद्रण
गोरवा ज्या बडोदे शहरात मोडतो, तेथील दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ १९५० साली निवर्तले. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. त्यांची नोमतोमची आलापी तीत कोठून सामावणार? ती ऐकावयास मिळते रेडिओवरील त्यांच्या दीर्घ ध्वनिमुद्रणांतून.

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात आणखी एक गोष्ट कळते. वृद्ध गवई नव्या तबलजीसह बसला, की दोन-चार आवर्तने त्याचा अदमास घेतो. सम बिनचूक जुळली, की ठेक्यावर विसंबून मोकळा होतो. आखूड झालेला दमही तेथे लपत नाही. म्हणून, श्रोतेहो, असे मुद्रण साफ करताना खाकरणे, अडखळणे पुसून टाकू नये. त्याबरोबर नव्या साथीला सांभाळून घेणारा जुना गवईही पुसला जाईल.