यंत्र का उठत नाही?



आजचा विषय यंत्राचा आहे. पण आमच्याकडे तो आला कामगारांच्या पैशाच्या वाटेने. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची सर्वसाधारण देखभाल थांबवली. तिच्या मागून आलेली ‘विंडोज ११’ टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप मागते. आमच्या युनियन कचेरीतल्या जुन्या संगणकात ती नाही, आणि नवा घ्यायला पैसा नाही. तेव्हा विनामूल्य मिळणारी ‘उबंटू’ ही लिनक्स प्रणाली आम्ही जुन्या विंडोजशेजारी बसवावयास घेतली. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होईना, म्हणून कोणाच्या तरी सल्ल्याने आतली एक सेटिंग बदलली. काम उरकून यंत्र पुन्हा चालू केले, तर काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही! ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे सारे कागद त्याच यंत्रात, दुसरी प्रत नाही, आणि सुनावणी आठ दिवसांवर. दुरुस्तीवाला म्हणाला, “सगळे पुसून नव्याने टाकू.” आम्ही त्याचा हात धरला.

यंत्र उठते कसे, ते आधी पाहू. गिरणीत भोंगा झाला की दरवान फाटक उघडतो व मुकादमाला हाक मारतो. मुकादम माणसे कामाला लावतो, आणि मग खाते चालू होते. संगणकातही तसेच. बटण दाबताच मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम जागा होतो, तो दरवान. तो डिस्कवरचा बूटलोडर शोधतो, तो मुकादम. बूटलोडर प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो. प्रणाली बदलली म्हणजे मुकादम बदलला. दरवानाच्या वहीत जुनेच नाव राहिले, तर फाटकावर खोळंबा होणारच.

या दरवानाच्या दोन पद्धती आहेत. जुनी ‘लेगसी’ पद्धत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत बूटलोडरचा आरंभ शोधते. नवी ‘यूईएफआय’ त्यासाठी राखलेल्या वेगळ्या विभागात फाइल शोधते. एका पद्धतीने बसवलेली प्रणाली दुसरीला सहसा दिसत नाही. आम्ही बदललेली सेटिंग हीच होती! यंत्र चालू होताना एफ-२ किंवा डिलीट दाबून (कळ प्रत्येक कंपनीची निराळी) आम्ही पुन्हा ‘यूईएफआय’ केले, आणि जुने विंडोज सगळ्या कागदांसह उभे राहिले. आधी प्रती काढल्या. मगच उबंटू योग्य पद्धतीने पुन्हा बसवली.

तेव्हा पहिला प्रश्न हा: गाडी कोठे अडली? पडद्यावर काहीच न येता नुसते बीप वाजत असतील, तर दोष बहुधा रॅम वा अन्य भागांचा. प्रणालीला बोल लावू नये. कंपनीचे चिन्ह उमटून डिस्क सापडत नाही असे आले, तर डिस्कचा क्रम व पद्धत तपासावी. सहीबद्दल तक्रार आली, तर ‘सिक्युअर बूट’ नव्या मुकादमाची ओळख मान्य करीत नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ ही अक्षरे आली, तर मुकादम आला आहे, पण त्याचे सामान जागेवर नाही. डिस्कचा विभाग पुसला वा हलवला की असे घडते. लिनक्सची यादी दिसून पुढे पडदा काळा झाला, तर पुष्कळदा चित्रपटलाच्या ड्रायव्हरचा घोटाळा असतो. तेथे रिकव्हरी मोड कामी येतो.

यांपैकी कोणत्याही अडचणीत तुमचे कागद गेले, असे आपोआप ठरत नाही. उबंटूचा पेनड्राइव्ह लावून, न बसवता, नुसती चालवून पाहता येते. डिस्क धड असेल तर फाइली दिसतात व दुसरीकडे उतरवता येतात. मात्र विंडोजवर ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली आधीच लिहून ठेवा, सेटिंग बदलताच ती मागितली जाण्याचा संभव असतो.

आमची खरी चूक सेटिंगची नव्हती. तीनशे माणसांच्या हक्काचे कागद एकाच डिस्कवर ठेवले, ही होय. बदल अवश्य करा. पण आधी दोन प्रती काढा, आणि यंत्र अडले तर पुसण्याची घाई करू नका.